पंगतीतला डेरेक

आमच्या शाळेच्या कोपऱ्यावर आता एक तरुण बाई उभी असते. अंगात पिवळा कोट, हातात उंच काठी, काठीच्या टोकाला गोल पाटी. तिनं पाटी पुढे धरली की गाड्या थांबतात आणि पोरं रस्ता ओलांडतात. हे काम करणाऱ्याला इथे लॉलीपॉप मॅन किंवा लॉलीपॉप लेडी म्हणतात. बाई कामाला चोख आहे, माझी तिच्याबद्दल काही तक्रार नाही. एखाद्या पोराच्या हातून बॉल निसटून रस्त्यावर घरंगळला, की ती वाकून तो उचलते आणि पोराच्या हातात देते. मला मात्र दर वेळी वाटतं, बाई गं, बॉलला हात काय लावतेस!

तिच्या आधी तिथे डेरेक उभा असायचा. त्यानं बॉलला हात लावलेला मी कधी पाहिला नाही. काठी जमिनीला टेकलेली, नजर गाड्यांवर, आणि बॉल जवळ आला की डावा पाय नुसता हलायचा. बॉल उडून नेमका त्या पोराच्या छातीशी. पासष्टीचा माणूस, गुडघे कुरकुरणारे, पण तो डावा पाय मात्र बाकीच्या डेरेकपेक्षा पंचवीस वर्षांनी लहान होता.

आम्ही लंडनजवळ स्लाऊला घर घेतलं तेव्हा डेरेक शेजारी म्हणून मिळाला. जोडघर, मधे एकच भिंत. त्याची बायको मॉरीन आम्ही येण्याआधीच गेली होती, आणि मुलगी कॅरन रीडिंग गावात राहायची, रविवारी संध्याकाळी चक्कर टाकायची. एरवी घरात तो, त्याचे गुलाब आणि त्याचा टीव्ही. सामना सुरू असला की भिंतीपलीकडून त्याच्या सूचना ऐकू यायच्या. इंग्लंड हरत असेल तर सूचना नसायच्या, नुसते उसासे. मिलिंद, माझा नवरा, टीव्ही न लावता भिंतीला कान देऊन स्कोअर सांगायचा आणि तो बहुतेक वेळा बरोबर निघायचा.

मी ब्रॅकनेलच्या एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंग करते. दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या आणि त्या त्यांना गोड शब्दांत कळवायच्या, असं ते काम. डेरेकमध्ये चुका शोधायला मला पहिल्या आठवड्यातच सुरुवात करता आली. नवे शेजारी म्हणून मी त्याला डब्यातून पुलाव दिला. तासाभरात दारावर टकटक. डबा परत. लखलखीत धुतलेला, पुसलेला, झाकण लावलेला आणि रिकामा. "लव्हली, थँक यू, लव्ह," असं म्हणून (इकडची म्हातारी माणसं कुणालाही लव्ह म्हणतात) गडी गेलासुद्धा. दुसऱ्या खेपेला दिलेली पुरणपोळी अर्ध्या तासात संपली आणि ताटली परत आली.

माझे वडील, आप्पा, तेव्हा आमच्याकडे आले होते. आई गेल्यापासून ते दर उन्हाळ्यात खडकीहून येतात आणि व्हिसाचे सहा महिने पुरेपूर वापरतात. जन्मभर ऑर्डनन्स फॅक्टरीत काम केलेला माणूस, रिकामा बसवत नाही. माझ्या घरातला प्रत्येक स्क्रू त्यांनी एकदा तरी पिळलेला आहे. रिकामी ताटली पाहून ते म्हणाले, "वैशू, या माणसाला आपण आवडत नाही का गं?"

"आप्पा, इकडे असंच असतं. मॅनर्स म्हणून लगेच परत करतात."

"एवढ्या लगेच? आपलं भांडं घरात दोन दिवस राहिलं तर त्याला विटाळ होतो की काय?"

ते हसत म्हणाले, पण आप्पांच्या तोंडी तो शब्द हसण्यावारी नेण्यासारखा नसतो, हे मला माहीत होतं.

मी घरात बोलताना डेरेकला 'तो' म्हणते यावरही आप्पांचा आक्षेप होता. वयानं मोठा माणूस, अहो-जाहो करावं. मी म्हटलं, त्याच्या भाषेत सगळ्यांना एकच यू आहे. "त्याच्या भाषेत असेल, तू मराठीत बोलतेयस," आप्पा म्हणाले. आता आप्पा समोर नसल्यानं मी 'तो'च लिहिते, आणि डेरेकचं बोलणं इंग्रजीतलं असलं तरी मला आठवतं तसं मराठीत लिहिते. त्याची हरकत नसती.

डेरेक एके काळी धंदेवाईक फुटबॉलपटू होता हे आम्हाला वर्षभर कळलं नाही. त्या सुमारास एक मोठा इंग्लिश खेळाडू वाजतगाजत स्पेनला गेला होता आणि तिथे बेंचवर बसून होता. पेपरात रोज त्याचा पडलेला चेहरा. मिलिंदनं कुंपणावरून सहज विचारलं, "डेरेक, इंग्लिश प्लेअर्स बाहेर गेले की असे का होतात हो? इकडे वाघ असतात."

डेरेक गुलाबाची छाटणी करत होता. कात्री थांबवून म्हणाला, "चहा."

"चहा?"

"तिकडे चहात लिंबू घालतात. सकाळी तसला चहा पिऊन कुणाच्यानं धावणं होईल?"

पुढच्या आठवड्यात मी विचारलं तेव्हा कारण होतं ऊन. नंतर एकदा रेफरी. मग तिकडची मऊ गादी. एकदा तर पूर्ण गांभीर्यानं त्यानं सांगितलं की तिकडच्या दारांच्या मुठी उलट्या फिरतात, माणूस खोलीबाहेर पडेपर्यंतच अर्धा दमतो. टेस्टिंगमध्ये असा प्रकार असतो. एकाच बिघाडाची दर वेळी वेगळी कारणं सांगितली जातात तेव्हा समजायचं की खरं कारण कुणाला सापडलेलं नाही.

शेवटी कॅरननंच सांगितलं. "तुम्हाला ठाऊक नाही? डॅड इटलीत खेळलेत. एक सीझन." आम्ही दोघांनी डोळे विस्फारले. डेरेक खाली बघत, मातीत बोट खुपसत म्हणाला, "रुजलं नाही, लव्ह. एवढंच."

रुजलं नाही. हे त्याचं ठरलेलं वाक्य होतं. रोप मेलं, केक फुगला नाही, शेजारच्या गल्लीतल्या जोडप्याचा घटस्फोट झाला, तरी डेरेक एवढंच म्हणायचा. त्यात दोष कुणाचाच नसायचा.

एकदा कळल्यावर मात्र आम्ही त्याला सोडला नाही. आणि त्याला सांगायला आवडायचंही, विशेषतः स्वतःची फजिती. एकोणीसशे साठच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. विशी ओलांडलेला डेरेक, कधी समुद्र न ओलांडलेला, इटलीच्या उत्तरेकडच्या एका शहरात जाऊन पडला. सूटकेसमध्ये चहाची पाकिटं, सॉसच्या बाटल्या आणि आईनं विणलेला स्वेटर. बाहेर जीव घेणारं ऊन. क्लबनं दिलेल्या खोलीत दुपारी करमेना, म्हणून बॉल घेऊन तो गल्लीत उतरला आणि भिंतीवर सराव करू लागला. धप्, धप्, धप्. प्रशिक्षक बघेल, म्हणेल काय मेहनती पोरगा आहे, अशी त्याची कल्पना. सगळं शहर दुपारचं झोपलेलं. वरची एक खिडकी उघडली, मग दुसरी, मग तिसरी. लोक काहीतरी ओरडले. डेरेकला वाटलं, आपल्याला ओळखलं! त्यानं हात हलवला आणि आणखी जोरात किक मारली. मग चौथी खिडकी उघडली आणि एका आजीबाईंनी बादलीभर पाणी ओतलं.

"मग?" माझी मुलगी मैत्रेयी पोट धरून हसत विचारायची. तिला ही गोष्ट पाठ होती.

"मग काय! मी थँक यू म्हटलं. मला वाटलं, उकडतंय म्हणून ओतलं."

अशा गोष्टी तो रंगवून सांगायचा, पण खेळाचा विषय निघाला की आवाज खाली यायचा. "बॉल यायचाच नाही," तो म्हणायचा. "मी मोकळा असायचो. हात वर करून ओरडायचो. बॉल दुसरीकडे जायचा. सरावात यायचा, सामन्यात नाही. वाईट पोरं नव्हती ती. पण कधी कळलंच नाही मला." सीझन संपला, क्लबनं निरोप दिला. इंग्लंडला परतल्यावर खालच्या डिव्हिजनमध्ये काही वर्षं खेळला, मग स्लाऊच्या ट्रेडिंग इस्टेटवर, म्हणजे इथल्या औद्योगिक वसाहतीत, गोदामात लागला आणि तिथूनच निवृत्त झाला. चाळीस वर्षं झाली होती, पण तो प्रश्न अजून त्याच्या शेजारी राहत होता. प्रत्येक नवा इंग्लिश खेळाडू परदेशी जाऊन हात हलवत परत आला की डेरेकच्या चेहऱ्यावर एक ओळखीची कळ उठायची.

मग ती बुद्धपौर्णिमा आली.

आमच्याकडे दर वर्षी चार-पाच कुटुंबं जमतात. सकाळी वंदना, मग जेवण. सोफे भिंतीला सरकवायचे, दिवाणखान्यात चादरी अंथरायच्या आणि सगळ्यांनी एकाच ओळीत खाली बसून जेवायचं, हा आप्पांचा नियम. पिनरहून येणाऱ्या डॉक्टर बाई असोत की नुकताच आलेला, भाड्याच्या खोलीत राहणारा विद्यार्थी असो, खुर्ची फक्त गुडघेवाल्यांना. त्या वर्षी आप्पांनी डेरेकलाही बोलावलं. त्याच्यासाठी ओळीच्या टोकाला खुर्ची आणि पुढे छोटं टेबल मांडलं. पुरी, बटाट्याची भाजी, वरणभात आणि खीर.

डेरेकनं सगळं नीट खाल्लं. खिरीला तर त्यानं डोळे मिटले. पण तो जेवतो कसा, हे मी तेव्हा प्रथमच पाहिलं. मान खाली, एक शब्द नाही, भराभर. आमची दुसरी पुरी संपायच्या आत त्याची थाळी स्वच्छ झाली, आणि तो उठला. थाळी उचलून स्वयंपाकघराकडे निघाला, जाताना "नका उठू, मी धुतो," म्हणाला.

डॉक्टर बाईंचा घास हातातच राहिला. मी म्हणणार होते की असू दे, त्यांच्यात ते चांगलं समजतात. पण आप्पा आधीच बोलले. आप्पांचं इंग्रजी फॅक्टरीतलं, वापरायला मोजकं आणि मजबूत.

"मिस्टर डेरेक. प्लीज सिट. पंगत इज नॉट ओव्हर."

डेरेक गोंधळून माझ्याकडे बघायला लागला. मी समजावलं, की आमच्यात ओळीतला शेवटचा माणूस जेवून होईपर्यंत कुणी उठत नाही. मधेच उठलं तर बाकीच्यांना वाटतं, याला आपल्याबरोबर बसायचं नाही.

तो थाळी हातात धरून तसाच उभा राहिला. चेहरा उतरला. मला वाटलं, दुखावला. मग सावकाश येऊन खुर्चीत बसला आणि सगळ्यांची जेवणं होईपर्यंत बसून राहिला. मैत्रेयी खिरीतले बदाम वेचत बसली होती, तिचं सगळ्यात शेवटी झालं. तिनं वाटी खाली ठेवली तेव्हा डेरेक म्हणाला, "इटलीतही असंच एक टेबल होतं."

सामन्याच्या आधी दोन-तीन दिवस क्लब सगळ्या खेळाडूंना डोंगरावरच्या एका हॉटेलात नेऊन ठेवायचा. दुपारी लांबच लांब टेबलावर सगळे एकत्र जेवायचे. पहिल्या दिवशी पास्ता आला, डेरेकनं तो संपवला, जेवण झालं असं समजून थाळी उचलली आणि स्वयंपाकघरात नेऊन धुतली. मागून मटण आलं, सॅलड आलं, चीज आलं, फळं आली. ते जेवण दोन-दोन तास चालायचं. त्याला वाटलं, काय हा वेळेचा अपव्यय! रोज तो आपलं पहिलं खायचा, थाळी धुवायचा आणि पळायला जायचा.

"आमच्या घरी आम्ही सहा भावंडं," तो म्हणाला. "खुर्च्या चार. पटकन खायचं आणि उठायचं, म्हणजे धाकट्याला बसता येतं. जो रेंगाळेल त्याच्या कानाखाली बसायची. मला वाटायचं, मी त्यांना जागा करून देतोय."

मग तो ब्रुनोबद्दल बोलला. ब्रुनो गोलकीपर, टेबलावर त्याच्या शेजारी बसायचा. रोज संत्रं सोलायचा आणि अर्धं डेरेकपुढे धरायचा. ते जेवणाच्या शेवटी खायचं फळ, पण हा आधीच उठतो हे बघून ब्रुनो पास्ता चालू असतानाच संत्रं सोलायला लागला. डेरेक ते अर्धं संत्रं उभ्यानं घ्यायचा, थँक यू म्हणायचा आणि दाराकडे जाता जाता खायचा.

"सीझनभर," डेरेक म्हणाला. "सीझनभर त्यानं मला बसवायचा प्रयत्न केला, आणि मी प्रत्येक वेळी ते फळ घेऊन निघून गेलो. मलासुद्धा माझ्यासारख्याला बॉल द्यावासा वाटला नसता."

त्याचे डोळे भरले होते. माझेही भरले, सांगायला लाज कसली. ज्याला चाळीस वर्षं चहा आणि ऊन आणि दारांच्या मुठी पुरल्या, त्याला खरं कारण आमच्या चादरीच्या टोकाला बसून सापडलं.

आप्पांनी मला शब्दशः भाषांतर करायला लावून स्वतःची गोष्ट सांगितली. ती मीसुद्धा तुकड्यातुकड्यानंच ऐकली होती. लहानपणी गावात कुणाचं लग्न असलं की आप्पा आणि त्यांचे वडील मांडवाबाहेर थांबायचे. आतल्या सगळ्या पंगती उठल्या की मग त्यांना लांब, उघड्यावर वाढायचे. एकदा आप्पा पोरवयात चुकून आतल्या ओळीच्या टोकाला जाऊन बसले. त्यांना बखोटीला धरून उठवलं गेलं. "म्हणून," आप्पा म्हणाले, "माझ्या घरात पंगतीतून कुणी उठायचं नाही आणि कुणाला उठवायचं नाही. सांग त्यांना."

मी सांगितलं. डेरेकनं खुर्ची आप्पांकडे वळवली. मग म्हणाला, "मला तर कुणी उठवलं नव्हतं. मी आपला आपणच उठत राहिलो."

त्या दिवसापासून दोघांचं जे मेतकूट जमलं, त्यात आम्हाला प्रवेश नव्हता. आप्पांचं मोजकं इंग्रजी आणि डेरेकचं तोंडातल्या तोंडात बोललेलं इंग्रजी एकमेकांना कसं कळायचं देव जाणे, आणि आप्पा तर देवही मानत नाहीत. दोघं मिळून गुलाबांना खत घालायचे, दोघं मिळून माझ्या दाराचा नीट असलेला स्क्रू पिळायचे.

काही आठवड्यांनी डेरेकनं एक गोष्ट सांगितली. ब्रुनो हयात आहे. त्या संघातले जेवढे उरलेत तेवढे दर ऑक्टोबरमध्ये एका रविवारी त्याच डोंगरावरच्या हॉटेलात जेवायला जमतात. ब्रुनोची बायको नाताळच्या कार्डावर मॉरीनला दर वर्षी लिहायची, डेरेकला घेऊन या. मॉरीन जाऊ म्हणायची. डेरेक नको म्हणायचा. अख्ख्या सीझनमध्ये दोनच गोल करून परत आलेल्यानं कोणत्या तोंडानं जायचं? पण आता त्याला जायचं होतं. भाषण करायचं नव्हतं, माफी मागायची नव्हती. त्या टेबलाशी एकदा शेवटपर्यंत बसायचं होतं.

"जमेल का पण मला?" त्यानं आप्पांना विचारलं. "दोन तास बसणं. मी कधीच बसलेलो नाही."

"प्रॅक्टिस," आप्पा म्हणाले.

मग दर रविवारी दुपारी आमच्याकडे डेरेकचं ट्रेनिंग सुरू झालं. आप्पा मुद्दाम हळू जेवायचे. एरवी पाच मिनिटांत जेवण उरकणारा मिलिंदही त्यात सामील झाला. भाताचा एक एक घास, मधे गप्पा, मधे पाणी. डेरेकची थाळी रिकामी झाली की त्याचा डावा गुडघा टेबलाखाली उड्या मारायला लागायचा. हात आपोआप थाळीच्या कडेला जायचा. आप्पा वर न बघता म्हणायचे, "डेरेक. हँड." तो हात मागे घ्यायचा. सुरुवातीला त्याला घाम फुटायचा. पुढे तो सावकाश खायला शिकला, मग जेवताना बोलायला शिकला. आणि एकदा बोलायला लागल्यावर असा सुटला, की एका रविवारी आमच्या सगळ्यांच्या थाळ्या वाळल्या तरी त्याचा भात तसाच होता आणि आम्ही त्याच्यासाठी खोळंबलो होतो. आप्पांच्या चेहऱ्यावर तेव्हा गोल झाल्यासारखा आनंद होता.

ऑगस्टमध्ये मी त्याला शिऱ्याचा डबा दिला होता. संध्याकाळ झाली, डबा आला नाही. दुसरा दिवस गेला, तिसरा गेला. मिलिंद म्हणाला, "बरा आहे ना तो? जाऊन बघू का?" चौथ्या दिवशी दारावर टकटक झाली. डेरेकच्या हातावर ओरखडे होते आणि डब्यात काठोकाठ ब्लॅकबेरी. कालव्याच्या कडेच्या काट्यांतून त्यानं स्वतः खुडलेल्या. डबा माझ्या हातात देऊन तो आप्पांकडे असा बघत उभा राहिला, जसं शाळेतलं पोर पेपर देऊन उभं राहतं. आप्पांनी एक ब्लॅकबेरी तोंडात टाकली आणि म्हणाले, "नाऊ यू आर नेबर."

तिकीट काढलं होतं. कॅरन बरोबर जाणार होती. ब्रुनोची नात इंग्रजी शिकलेली, तिच्याशी फोनवर बोलणं झालं होतं. डेरेकनं नवा कोट घेतला. चहाची पाकिटं न्यायची का, असं मी चिडवलं तर म्हणाला, "नाही गं, लिंबू घालून पिईन."

सप्टेंबरात शाळा सुरू झाल्यावर दुसऱ्याच आठवड्यात तो कोपऱ्यावर उभ्या उभ्या कोसळला. पोरं रस्ता ओलांडून गेली होती, गाड्या सुटल्या होत्या, मग पडला. ते बघणाऱ्या बाईनं मला सांगितलं की पडतानाही पाटी त्यानं घट्ट धरलेली होती. स्ट्रोक होता. उजवा हात आणि उजवा पाय गेला, बोलणं जड झालं. तीन आठवड्यांनी घरी आला, पण विमानाचा विषय डॉक्टरांनी काढूच दिला नाही.

मी भेटायला गेले तेव्हा तो खिडकीशी बसला होता. नवा कोट दाराला टांगलेला. मी म्हटलं, पुढच्या वर्षी जाऊ. तो ओठ जुळवत, फार वेळ घेऊन म्हणाला, "आत्ता कुठे शिकलो होतो, लव्ह." मी घरी येऊन भांडी घासत रडले.

तो ऑक्टोबरचा रविवार उजाडला. आप्पांना पुढच्या शुक्रवारी निघायचं होतं. दुपारी कॅरननं भिंतीवर ठोकून बोलावलं. आम्ही गेलो तर जेवणाचं टेबल खिडकीशी ओढलेलं, डेरेक अंगात तो नवा कोट घालून बसलेला, आणि समोर टेबलावर फोन. ब्रुनोच्या नातीनं कळवलं होतं, जेवायला बसल्यावर फोन लावते. कॅरननं सूप केलं होतं. आप्पा डेरेकच्या शेजारची खुर्ची ओढून बसले. बरोबर त्यांनी फळांच्या टोपलीतली दोन संत्री आणली होती.

फोन वाजला. कॅरननं स्पीकर लावला आणि खोलीत एकदम तो डोंगर शिरला. थाळ्यांचा आवाज, खुर्च्यांचा, हसण्याचा, एका वेळी सगळ्यांनी बोलण्याचा. फोन तिकडे हातोहात फिरत होता. प्रत्येक जण आपलं नाव सांगायचा आणि मग नुसतं म्हणायचा, "डेरेक!" म्हातारे, खरखरीत आवाज. डेरेक दर वेळी मान हलवायचा, जणू त्यांना दिसतंय. शेवटी ब्रुनो आला. तो बरंच काही बोलला. नातीनं थोडक्यात सांगितलं, "आजोबा म्हणतात, तुमची खुर्ची इथे माझ्या शेजारी आहे. फोन तिच्यावर ठेवतोय. आता आम्ही जेवतो, तुम्हीही जेवा."

आणि खरंच ते जेवायला लागले. फोन चालूच. मला वाटलं होतं, पाच मिनिटं बोलतील आणि ठेवतील. पास्ता झाला असावा, मग दुसरं काही वाढलं. भाषा आम्हाला कुणालाच कळत नव्हती. डेरेक डाव्या हातानं चमचा धरून सूप पीत होता, एक एक घोट, मधे थांबून तिकडे कुणी हसलं की हसत होता. ऊन टेबलावरून भिंतीवर गेलं. कॅरननं दोनदा हळूच विचारलं, "डॅड, दमलात का?" त्यानं मान हलवून नाही म्हटलं. त्याचा डावा गुडघा टेबलाखाली अगदी शांत होता.

आप्पांनी संत्रं सोललं. शिरा काढल्या, निम्मं केलं, आणि अर्धं डेरेकपुढे धरलं. डेरेकनं हातातला चमचा खाली ठेवला. मग डाव्या हातानं घेतलं, बसल्या जागी, आणि एक एक फोड करून खाल्लं. रस हनुवटीवरून नव्या कोटावर ओघळला. कुणी पुसायला गेलं नाही.

बऱ्याच वेळानं फोनमधून खुर्च्या सरकल्याचे आवाज आले. मग नातीचा आवाज. "मिस्टर डेरेक, आजोबा म्हणतात, आमचं झालं, आता आम्ही उठतो. तुम्ही उठलात तरी चालेल."

डेरेकनं शेजारी पाहिलं. आप्पांच्या हातात अजून तीन-चार फोडी होत्या. तो फोनकडे वाकला आणि त्या महिन्यात बोलला नसेल इतकं स्पष्ट बोलला.

"त्यांना सांग, मला नाही उठता येणार. माझ्या मित्राचं अजून व्हायचंय."

नवीन वर्ष लागण्याआधी डेरेक गेला. तोवर आप्पा खडकीला परतले होते, त्यामुळे त्यांनी त्याला शेवटचं पाहिलं ते तसंच, संत्र्याचा रस लागलेल्या कोटात, टेबलाशी बसलेलं. मीही त्याला तसाच लक्षात ठेवलाय. आप्पांनी त्या उरलेल्या फोडी फार सावकाश खाल्ल्या होत्या.